अणुतात्यांची भिंत आणि माझा बाण

महागाई वाढली की लोक कपाळाला हात लावतात, मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवतो. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं मी मिरजगावच्या हायवेवर भावफलक रंगवतोय. चहा, मिसळ, दाढी-कटिंग, दळण, पंक्चर, उसाचा रस, कुठल्या ना कुठल्या पाटीवर इब्राहिम पेंटरचा हात फिरलेला आहेच. भाव जागेवर राहिले की आमची चूल मंद होते आणि भाव भडकले की आमची जमिला बिर्याणीचा तांदूळ भिजत घालते. एकदा टीव्हीवर कुणी साहेब सांगत होता की महागाई आटोक्यात आली. जमिला हातातलं लाटणं खाली ठेवून म्हणाली, "या अल्ला, आता आपलं कसं व्हायचं!"

पूर्वी पदार्थाचं नाव आणि भाव दोन्ही पक्क्या ऑइल पेंटमध्ये लिहायचो, कारण दोन्ही सारखेच टिकायचे. मग नाव पक्कं आणि भाव कच्चा झाला. भावाच्या जागी काळा चौकोन, त्यात खडूनं आकडा. मग मी डोकं चालवलं. पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर शून्य ते नऊ रंगवले, पाटीवर खिळे ठोकले. भाव बदलला की मालकानं आकडा बदलावा. गावानं माझं कौतुक केलं आणि मला बोलवायचंच बंद केलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण वारा माझ्या बाजूनं होता. उन्हाळ्यात आमच्याकडं वावटळ सुटते, तिनं आकडे उडवायला सुरुवात केली. एका हॉटेलात मिसळीच्या साठातला सहा उडाला, नुसतं शून्य राहिलं. पुण्याकडची एक गाडी फुकट मिसळ पाहिजे म्हणून अडून बसली, पोलीस आले, त्यांनीही मिसळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी मालकानं मला घरी येऊन नेलं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुने. एका सलूनवाल्यानं सांगितलं, "पेंटर, जुना भाव खोडा, पण खोडलेला वाचता आला पायजे. मी किती दिवस सोसलं ते कळू द्या लोकांना." आमचा बापू वडेवाला त्याच्याही पुढचा. त्यानं शपथच घेतली होती की वड्याचा भाव वाढवायचा नाही. वाढवला नाही, वडा बारीक केला. आणि दर दिवाळीला मला सांगायचा, "इब्रामभाई, पाटीवरचा वडा जरा मोठा काढा." खरा वडा लहान होत गेला आणि पाटीवरचा मोठा. शेवटी पाटीवर चहाला जागा उरेना. एका गिऱ्हाइकानं प्लेटमधला वडा उचलून पाटीशेजारी धरला आणि म्हणाला, "मला हा नको, तो द्या." बापूनं त्या दिवशी शपथ मोडली, त्याचं बघून शेजारच्या दोन हॉटेलांनीही भाव चढवले आणि मला तीन पाट्या मिळाल्या.

आता धंद्यातल्या दोनच गोष्टी सांगतो, कारण पुढं त्यांनीच घोळ घातला. पहिली गोष्ट शब्दांची. हायवेची पाटी वाचणारा माणूस पळत्या गाडीत असतो. त्याला पाच शब्द वाचता येतात. सहावा शब्द वाचेपर्यंत तो पुढच्या गावाला पोचतो. दुसरी गोष्ट बाणाची. पाटी वाचून झाली तरी माणसाला वळायचं कुठं ते कळायला हवं, म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात बाण आणि बाणाखाली अंतर. चाळीस वर्षांत मी इतके बाण काढले की कोपरा रिकामा दिसला की माझा हात मला न विचारता बाण काढतो. एकदा घराला चुना देताना मी संडासाच्या भिंतीवरही काढला होता. जमिलानं तो राहू दिला, पाहुण्यांची सोय झाली म्हणाली.

मी दहावी नापास. पण तेलाचं राजकारण मला ब्रशनं शिकवलं. आखातात जहाज अडलं की पंधरा दिवसांत बापूची पाटी बदलते. आधी डिझेल वाढतं, मग टेम्पोवाल्याचं भाडं, मग बटाटा, मग वडा, आणि शेवटी वडा खाणारा सलूनवाला दाढीचा भाव वाढवतो. त्या देशांची नावं मला नीट घेता येत नाहीत, पण तिथं कुणी शिंकलं की मिरजगावात माझं शिडी-बादली घेऊन पळणं सुरू. असा सगळा माझा संसार परक्या लोकांच्या भांडणावर चालला होता. आणि तेवढ्यात अणुतात्यांनी मला भिंत रंगवायला बोलावलं.

तात्यांचं खरं नाव भानुदास. समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात एकतीस वर्षं फिटर होते, पंप आणि व्हॉल्व्ह बघायचे. निवृत्त झाल्यावर ते आणि कौसल्यावहिनी गावी आले, मिरजगावच्या पुढं हायवेला लागून वडिलार्जित रान होतं तिथं घर बांधलं. गावानं पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव अणुतात्या ठेवलं आणि दुसऱ्या महिन्यात त्यांच्या घरचं पाणी प्यायचं बंद केलं. का? तर त्यांच्या अंगाला किरणं लागलीत. पुरावा काय? तात्यांना टक्कल. त्यांच्या गाईला कपाळावर पांढरा ठिपका असलेलं वासरू झालं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे लाईट गेली, गाव अंधारात बुडालं की तात्यांचं घर एकटं उजळत राहायचं. त्यांनी इन्व्हर्टर बसवला होता. पण शेजारच्या पारूआजीनं सगळ्यांना सांगितलं की ते घर आपलं आपण चकाकतं.

तात्या हसण्यावारी न्यायचे. वहिनींना ते जमलं नाही. पहिल्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला अख्खं गाव बोलावलं. तिघी आल्या, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं आणि दुधाचे पेले तसेच ठेवून गेल्या. दुसऱ्या संक्रांतीला कुणीच आलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी वहिनींनी बोलवायचंच सोडलं. हे सगळं तात्यांनी मला भिंतीसमोर उभं राहून सांगितलं आणि मग म्हणाले, "म्हणून इब्राम, भिंतीवर लिहायचंय."

"काय विकायचंय, तात्या?"

"विकायचं काही नाही रे. पटवायचंय. या लोकांना एकदा अणू म्हणजे काय ते पटलं की ते आमच्या दारात येतील."

त्यांनी खिशातून कागद काढले. अकरा पानं, पाठपोट. मी भिंत बघितली, चाळीस फूट. मी म्हटलं, "तात्या, पाच शब्द."

"माझ्या एकतीस वर्षांचे पाच शब्द?"

मग आमची घासाघीस सुरू झाली. तात्या भिंतीला टेकून बसले आणि मला शिकवायला लागले. अणुभट्टीत शेवटी करतात काय, तर पाणी तापवतात. पाण्याची वाफ, वाफेनं चक्र फिरतं, चक्रानं वीज. कोळशाच्या ठिकाणीही तेच, फक्त तिथं रोज आगगाड्या भरून कोळसा लागतो आणि इथं थोडंसं इंधन लई दिवस पुरतं, धूर नाही. आतून वहिनींचा आवाज आला, "एकतीस वर्षं पानीच तापवत हुते. घरात कधी अंघोळीचं तापवलं न्हाई."

"तेल बाहेरून येतं," तात्या त्यांच्याकडं दुर्लक्ष करून म्हणाले. "तिकडं भांडण झालं की इकडं भाव चढतो. उद्या वीज भरपूर झाली, टेम्पो विजेवर, गाड्या विजेवर, रानातली मोटर दिवसा विजेवर, तर आखातातलं भांडण तू टीव्हीवर बघशील. पाटीवर लिहावं लागणार नाही."

"मग मी खाऊ काय?" मी खरंच घाबरून विचारलं.

तात्या इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. पण माणूस लई प्रामाणिक. म्हणाले, हेही लिही की केंद्र बांधायला अफाट पैसा आणि वर्षानुवर्षं लागतात, आणि उरलेला कचरा पुढच्या पिढ्यांना सांभाळावा लागतो. मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, "तात्या, चाळीस वर्षांत मी पाटीवर मालाचा दोष लिहिलेला नाही. बापू वड्याखाली 'पित्त होईल' असं लिहितो का?" बराच वेळ हुज्जत घालून ठरलं. वर मोठ्या लाल अक्षरांत 'तेल परक्याचं, महागाई आपली!' मधे पिवळ्या रंगात, काळी शेड देऊन, भलामोठा शब्द 'अणुऊर्जा'. आणि त्याखाली तात्यांच्या अकरा पानांतल्या सहा बारीक ओळी, कचऱ्याच्या ओळीसकट. त्या कुणी वाचणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगतो. भिंतीला डिस्टेंपरचा पहिला हात चालला होता, ऊन मी म्हणत होतं. वहिनींनी तांब्याभर गार पाणी आणून ठेवलं. मी "शुक्रिया वहिनी" म्हटलं, त्या वळल्या तसा तांब्या डिस्टेंपरच्या बादलीत उलटा केला आणि पाणी प्यायल्यासारखं तोंड पुसलं. पारूआजीला मी अडाणी म्हणायचो आणि माझा हात तिच्याच वळणाचा निघाला. मान वर केली तर वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं. रिकामा तांब्या उचलून त्या आत गेल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात आखातात पुन्हा गडबड उडाली. तात्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला गेलेले. इकडं बातमी पसरली की डिझेलचे टँकर येणार नाहीत. झालं! हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याला एकाच दिवशी पाटी बदलून पाहिजे. सकाळपासून मी सात पाट्या केल्या, सातही पाट्यांवर बाण काढले. पंधराचा वीस, वीसचा तीस, माझा खिसा खुळखुळत होता आणि मी शिडीवर गाणी म्हणत होतो. उन्हं कलल्यावर तात्यांची भिंत उरकायला गेलो. अणुऊर्जाचा शेवटचा काना काळ्या शेडमध्ये बसवला, लांब जाऊन बघितलं, झकास दिसत होतं. फक्त खालचा उजवा कोपरा रिकामा होता. पुढं काय झालं ते मला खरंच आठवत नाही. घरी जेवताना एकदम आठवलं की आपण आज आठ बाण काढलेत.

आता तुम्ही म्हणाल, पळत्या गाडीतून कोण बघतंय. मीही तेच म्हणून झोपलो. सकाळी पंपावर डिझेलसाठी रांग लागली. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप, फटफट्या, कॅन घेतलेली माणसं. पंपापासून निघालेली रांग थेट तात्यांच्या भिंतीपर्यंत आली आणि भिंतीला लागून तासन्‌तास उभी राहिली. माझा पाच शब्दांचा नियम चालत्या गाडीचा होता, ही गाडी तर हलतच नव्हती. लोकांनी वरची ओळ वाचली, मधला शब्द वाचला, बारीक सहा ओळी वाचल्या, आणि मग कोपऱ्यातला बाण वाचला. बाणाखाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, '२ कि.मी. आत'.

दुपारपर्यंत गावभर झालं की अणुभट्टी येतीय, दोन किलोमीटर आत. संध्याकाळी कळलं की सरकारी माणसं मोजणी करून गेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी जामखेडहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला, "भाईजान, तुमच्याकडं इमानतळ पन हुनार म्हनं!" बाण ज्या दिशेला होता तिकडं बरोबर दोन किलोमीटरवर पारूआजीचा माळ होता. त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही. आता तिथं जमिनीचे दलाल उगवायला लागले. एकजण तर आजीसाठी खास पेढे घेऊन आला.

गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे भट्टी नको, दुसरी म्हणे लवकर येऊ दे. माहिती पाहिजे तर जायचं कुणाकडं? अख्ख्या तालुक्यात अणुभट्टी आतून बघितलेला माणूस एकच. दोन्ही पार्ट्या तात्यांच्या अंगणात. एका पार्टीला किरणं कुठपर्यंत येतात ते पाहिजे होतं, दुसरीला मोबदला कुठपर्यंत येतो ते. पुरुष आले, त्यांच्या मागं बायका आल्या, कुणाच्या नावावर किती रान लागतं ते ऐकायला.

तात्या नगरहून डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले तेव्हा त्यांच्या अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती. त्यांनी उघड्या डोळ्यानं भिंत बघितली आणि मला निरोप धाडला. मी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊनच पळालो. "तात्या, माफ करा, हात घसरला, आत्ता पुसतो." त्यांनी मला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं.

"चार दिवस राहू दे."

"तात्या, धडधडीत खोटं हाय हे!"

"मला कळत नाही का? आत बघ जरा."

मी गोठ्याच्या आडून बघितलं. वहिनींनी पोह्यांचं मोठं पातेलं खाली उतरवलं होतं. बायका ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या, कुणी कोथिंबीर निवडत होतं, कुणी वहिनींच्या परगावी असलेल्या सुनेचा फोटो बघत होतं. पारूआजी मधोमध बसून तिसरा कप चहा बशीत ओतत होती आणि भट्टी आल्यावर आपण नथ कशी घडवणार ते सांगत होती. वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की मी दचकलो. तो आवाज मी आधी ऐकलाच नव्हता.

"चार वर्षांनी घरात कप कमी पडले, इब्राम," तात्या म्हणाले. "खरं कळलं की उठून जातील सगळ्या. तिला सांगू नको. तिला वाटतंय खरंच काहीतरी येतंय."

मी डबा झाकला. आपल्या एका बाणानं हे घर भरलंय आणि तोच पुसला की रिकामं होणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही. बापूच्या पाटीवर भाव चढवताना आकडा उलटा लिहिला.

पण सरपंच गप्प बसणारा माणूस नव्हता. त्यानं सभा ठेवली, तीही तात्यांच्याच अंगणात. टेबल मांडून तो म्हणाला, "दोन ठराव टाइप करून आनलेत. एक कडाडून इरोधाचा, एक मनापासून पाठिंब्याचा. गाव म्हनंल तो आजच तालुक्याला धाडायचा." झालं! माझा बाण आता सरकारी कागदावर चढणार होता. मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी माझ्याकडं. आम्ही दोघं एकदम उभे राहिलो. मी म्हणालो, "ते बाणाचं..." तात्या म्हणाले, "मला असं सांगायचंय की..." आणि दोघंही अडलो. दोनशे माणसं आमच्या तोंडाकडं बघत होती. वहिनी पाण्याचे ग्लास फिरवत होत्या.

त्यांनी ट्रे सरपंचाच्या टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भट्टीबिट्टी काय येत न्हाई. पेंटरभाऊंचा हात चुकलाय. त्यो बान त्यांच्या सवयीचा हाय."

तात्या तर खांबाला धरून उभे राहिले. वहिनी थांबल्या नाहीत.

"मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं. यांच्या कागदावर बान नव्हता, यांना दिसंना म्हनून मीच वाचून दाखवले हुते सगळे कागद. मी मुद्दाम बोलले न्हाई. का, तर तुमी आलता. चार वर्सं या घरात कुनी आलं न्हाई. तिकडं कामावरनं भाईर पडताना दारात मशीन हुतं, रोज तपासून सोडायचं ह्यांना. मशीन एकतीस वर्सं पास करत हुतं, आन् माझं गाव रोज नापास करतंय. या पेंटरभाऊंनी पन माझं पानी रंगाच्या बादलीत वतलं." मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी दोन्ही हात जोडले, वहिनींनी बघितलं आणि मान हलवली. "तुमच्या रानाला भाव यायचा म्हनल्यावर मातर तुमी चार दिस हितं जेवला, च्या प्याला, पानी प्याला. कुनाला किरनं लागली का? सांगा की! आता खरं सांगितलंय. ज्याला उठायचं त्यानं उठावं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. आता सगळं अंगण रिकामं होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

सगळ्यात जास्त गेलं होतं पारूआजीचं. माळ गेला, पेढे गेले, नथ गेली. सगळ्या नजरा तिच्याकडं. आजी हातातला ग्लास धरून माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "इब्राम, मुडद्या, बान काडायचाच हुता तर जरा खरा तरी काडायचास!" मग ग्लास एका दमात रिकामा केला आणि पुढं धरला. "कौसल्ये, मी कशाला उठू? च्या टाक. या मेल्यानं माझं इमान पाडलं, घसा कोरडा पडलाय माझा."

हसण्याचा असा लोंढा उठला की सरपंचाचे दोन्ही ठराव टेबलावरून उडाले, आणि एक वासरानं खाल्ला. कुठला ते कळलं नाही. एक बाई वहिनींच्या गळ्यात पडून रडायला लागली, दुसरी तिला हसायला लागली, मग दोघी रडल्या. मी घागरीपाशी गेलो आणि लागोपाठ तीन ग्लास पाणी प्यायलो, सगळ्यांच्या देखत. ठसका लागला तेव्हा तात्यांनी पाठीवर थापटलं, जरा जोरातच.

कुणीतरी मागून विचारलं, "तात्या, येनार न्हाई ते न्हाई. पन आली असती तर मोटरीला दिवसा लाईट मिळाली असती का?" एवढंच पाहिजे होतं. तात्यांनी हिरवी पट्टी सावरली आणि अकराच्या अकरा पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. लगेच मिळाली नसती, पंधरा-वीस वर्षं लागली असती, हेही सांगितलं. कचऱ्यावरून एका पोरीनं, ती कर्जतला कॉलेजात शिकते, त्यांना असं धारेवर धरलं की तात्या खूष होऊन तिच्याशीच भांडत बसले. अर्ध्या लोकांना पटलं, अर्ध्यांना नाही. पण भांडण अंगणात बसून चाललं होतं आणि मधेमधे चहा येत होता.

नंतर आखातातली गडबड निवळली, टँकर आले, रांग संपली. वड्याचा भाव मात्र खाली आला नाही, तो कधीच येत नाही, म्हणून तर मी जगतो. म्हणजे जगत होतो. आता बापूनंही डिजिटल पाटी लावलीय, मोबाईलवर बोट फिरवलं की भाव बदलतो. टँकर येवोत न येवोत, माझ्या ब्रशला काम नाही. वाईट वाटतं, पण चाळीस वर्षं मजेत गेली.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सभा पांगली, अंधार पडायला आला. मी पांढऱ्या रंगानं बाण पुसून आत आलो तर न्हाणीपाशी उष्ट्या भांड्यांचा हा एवढा ढीग पडलेला. कप, बशा, ग्लास, ताटल्या, शेजारून मागून आणलेली पातेली. वहिनी एकट्याच पाटावर बसून घासत होत्या. माझा अपराध मोठा होता, म्हणून मी बाह्या वर केल्या आणि म्हटलं, "वहिनी, सरका. तुम्ही दमलाय, मी घासतो."

त्यांनी राखेचे हात वर करून मला अडवलं. डोळे भरून आले होते आणि हसतही होत्या.

"हात न्हाई लावायचा हं, भाऊ," त्या म्हणाल्या. "चार वर्सांनी येवढी भांडी पडलीत. माझी मला घासू द्या."